कूलरचा खार

सायबू तडवी दुकानात आला तेव्हा
मी एक पंप पालथा घालून खरवडत होतो.
मे महिना, बाहेर सेहेचाळीस,
आत पत्र्याखाली किती ते मोजणं आम्ही सोडून दिलंय.
भुसावळात बोअरच्या पाण्याला नुसती जीभ लावा,
जमिनीच्या पोटात काय काय विरघळलंय ते कळतं.
दोन महिन्यांत वाळ्याच्या जाळ्या दगड होतात,
पंपाच्या तोंडाला पांढरी फुलं धरतात.
फुलं कसली, खार.
स्क्रू-ड्रायव्हर मारला की ठिकऱ्या.

त्यातली एक त्यानं उचलली,
नखानं टोकरली, उजेडात धरली,
म्हणाला, "तसंच दिसतं.
पण हे मेलेलं आहे."

अकरा वर्षं तो आखातात होता,
समुद्र गोड करायच्या कारखान्यात.
पाणी ओढणाऱ्या पाइपांची तोंडं
बुडी मारून साफ करायची, हे काम.
माणूस पालजवळच्या पाड्यावरचा,
पोहायला शिकला तो सुकी नावाच्या नदीत.
(आमच्याकडे नद्यांना अशीच नावं असतात.)

"ऑगस्टात तिथलं पाणी," तो म्हणाला,
"आपल्या अंगाइतकंच गरम.
आत उतरलं की कळत नाही
आपण कुठं संपतो.
खारट इतकं, की पापण्यांच्या कडा सोलतात.
पौषात तेच पाणी हाडं गोठवतं.
आणि तठे बी जीव ऱ्हास."

"पोवळं? सोनाराकडचं?"
"ते लाल, ते वेगळं. हे मातकट, बसकं,
कळण्याची भाकर करपून पाण्यात पडावी, तसं."

कुणी एक बाई यायची टेप घेऊन, मापं घ्यायला.
तिनं त्याला सांगितलेलं, ते त्यानं मला सांगितलं,
पंपातली वायर बघता बघता:
हा दगड नव्हे, जनावर आहे, मुगाएवढ्या तोंडांचं.
दगड तो स्वतः बांधतो, पाण्यातल्या चुन्यातून.
कातडीत भाडेकरू ठेवतो, शेवाळाचे.
"भाडं?"
"साखर. उन्हातून करतात."
दुसऱ्या समुद्रांत पाणी जरा तापलं
की भाडेकरू बाहेर,
घर पांढरं पडतं, मालक उपाशी.
इथले भाडेकरू चिवट. नेट धरून बसतात.

"म्हणजे जिंकले की."
त्यानं मान हलवली नाही, वर पंख्याकडे बघितलं.
"एका वर्षी पारा एकच घर वर चढला.
मी उतरलो तर खाली
नुसती चुना मारलेली भिंत.
काठावर घर बांधलंय त्यांनी,
पुढं अंगण नाही."

मग बराच वेळ फक्त स्टेशनावरची शिट्टी,
आणि माझ्या हातातला पाना.

पुढल्या साली तिसऱ्या पाइपाच्या कडेवर
एक दिसलं, जुन्या पावलीएवढं.
नेमकं तिथं, जिथं त्याला खरवडायचं होतं.
त्यानं कडेची बाकी शिंपलं, शेवाळ, सगळं काढलं,
तेवढ्याभोवतीनं ब्रश फिरवला,
वर येऊन वहीत लिहिलं: साफ.
असं सात वेळा.
"मुकादमानं नाही पाहिलं?"
"मुकादम कशाला बुडी मारतोय."

एकशेऐंशी रुपये झाले, त्यानं दोनशे दिले,
वीस राहू दे म्हणाला,
पंप पिशवीत घालून उन्हात उतरला.

ती ठिकरी टेबलावरच होती.
मी जिभेला लावून पाहिली. खारट, कडू,
आपल्या भुसावळची.
मग झाडूनं सगळं गोळा करून बाहेर टाकलं.
मेलेलंच होतं, त्यात काय.

साडेसातला पारा चाळीसवर आला.
गल्लीतल्या बायका ओट्यावर आल्या,
कुणी अंगणात बादलीभर पाणी मारलं,
आणि आम्ही सगळे म्हणालो,
आज जरा गार आहे.