डावा पाय

डाव्या पायाला आता काम उरलं नाही.
बावीस वर्षं त्यानं क्लच दाबला,
मंगळवेढा ते मिरज, मिरज ते मंगळवेढा.
माघात गुडघा कापून
आत धातूची वाटी बसवली.
डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा खुशाल,
फक्त क्लचची नको.
मला वाटलं, माणूस थट्टा करतोय.

पुतणी संयोगितानं शोधून आणली कोल्हापुरातून:
चार सिलिंडर, डिझेल, रंग धुळीचाच,
म्हणजे धुतली काय, न धुतली काय.
कुणा हौशी ऊसवाल्यानं घेतलेली
आणि दोन गळीत हंगामांत कंटाळून विकलेली.
दांड्याशेजारी चार इंग्रजी अक्षरं.
मी त्यांची बारशी केली:
थांब. माघारी. मोकळी. चल.

पहिल्या आठवड्यात
सांगोल्याच्या चौकात डावा पाय धावला क्लचला
आणि सापडला ब्रेक.
मागे साठ भोपळे एकदम बोलले.
दोन तडकले.

हो, भोपळे. वाळलेले, पोकळ, तंबोऱ्याचे.
मध्ये मध्ये कडबा कोंबून, वर जाळी.
वजन म्हणाल तर काहीच नाही,
इतकी वर्षं मी हवाच वाहतोय
कवचासकट.
नाक्यावरचा पोरगा विचारतो, काय माल?
मी म्हणतो, अजून न वाजलेलं.
तो पावती फाडतो.

या मालाला धक्का चालत नाही.
जुनी गाडी माझ्या पायाचं ऐकायची,
पाय गुडघ्याचं, गुडघा हवामानाचं.
ही कुणाचं ऐकत नाही.
स्वतःच ठरवते, कधी दुसरा, कधी तिसरा,
आणि बदलते असा की
शेजारच्या सीटवरच्या स्टीलच्या डब्यातली आमटी हलत नाही.
मान्य. पण मालक कोण मग?

नागजच्या चढाला मात्र ती विचारात पडायची.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
एक आवंढा, एक थरथर,
सून सासूपुढे बोलू की नको करते तशी.
बाळू कोष्टी म्हणाला, गिअरबॉक्सच. करपलाय.
हिच्यात हात घालायचा म्हणजे घड्याळ उघडायचं, भाऊ.
तरी तेल बदललं.
काकवीसारखं काळं उतरलं,
नवं ओतलं लालभडक.
चौदा हजार गेले.
थरथर तिथंच.

दस्तगीरमामांच्या दारात भोपळे उतरवत होतो.
ते एकेकावर टिचकी मारून कान लावतात,
चालेल, चालेल, हा नको, चालेल.
इंजिन मी चालूच ठेवलेलं.
मधेच थांबले. बॉनेटवर पंजा ठेवला,
जसा ते जव्हारी घासताना
तारेखालच्या दोऱ्यावर बोट ठेवतात.
चौघं बोलताहेत, म्हणाले,
पण एकजण जरा उतरलाय.
गाडीतलं मला काय कळतं म्हणा.

बाळू हसला. मग उघडलं.
तिसऱ्या सिलिंडरचा इंजेक्टर ठिबकत होता.
एवढंच.

परतीच्या रस्त्यानं मी त्या गिअरबॉक्सला
मनातल्या मनात सॉरी म्हणालो.
मोठ्यानं नाही,
शेजारी संयोगिता होती.
नागजला ती वळण घेऊन चढली,
दुसरा कधी सुटला, तिसरा कधी लागला
मला कळलं नाही, तिलाही नाही,
ती मोबाईलमध्ये होती.

अजूनही तिथं पोचलं की
डावा पाय आपसूक खाली दाबला जातो,
रिकाम्या रबरी चटईवर.
चटईला तेवढ्या जागी खड्डा पडलाय.
संयोगिता म्हणते, काका, नवी टाकू.
मी म्हणतो, राहू दे.
त्यालाही कुठंतरी जावं लागतं कामाला.