उलटा एन

मनामाच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत
मला अक्षरांचं काम मिळालं, अक्षरामागे शंभर फिल्स.
रंग काळा, ब्रश दोन नंबर,
सकाळी अकरापर्यंतच; नंतर दगड हाताला चावतो.

कुट्टप्पन वॉचमन ओळख करून द्यायचा,
लग्नात पाहुण्यांची करून देतात तशी:
हा विहिरीवरचा अमेरिकन, तेल लागायच्या आदल्या आठवड्यात गेला.
ही डॉक्टरीण, हिने अर्ध्या गावाचे डोळे उघडले.
हा पोस्टमास्तर. ह्याच्या नावाचा रस्ता होता, आता मॉल आहे.
आणि ही भिंतीलगतची रांग?
ही कुणी नाही. पोरं. दोन दिवसांची, आठ दिवसांची.
मी त्यांची नावं आधी रंगवली.

कोपऱ्यात एक दगड बुटका.
वर चार अक्षरं: एच, मग एन, पण उलटा,
मग परत एच, आणि ए.
खाली १९३१.
म्हटलं, पाथरवट अडाणी असणार,
किंवा उन्हाने डोळे गेले असणार बिचाऱ्याचे.
तीस वर्षं बोर्ड रंगवतोय, कणकवलीपासून.
उलटा एन मला बघवत नाही.
लांबी भरली, घासली, सरळ केला.
वर सोनेरी कडही दिली, पदरची.

शुक्रवारी बाई आली. क्लावदिया.
हॉटेलात मुलांना पोहायला शिकवते.
दगडासमोर उभी राहून हसायला लागली,
हसता हसता खाली बसली,
मग नुसतीच बसून राहिली.
मोडक्या इंग्रजीत म्हणाली, मोडक्या इंग्रजीतच मी ऐकलं:
हा एच नाही. न.
हा उलटा नाही. आमचा ई असाच असतो.
न, ई, न, आ.

नीना.

अरे देवा. नीना तर आमच्या आळीतही होती,
शिलाई मशीनवाल्या केळुसकरांची.

नात्याची? मी विचारलं.
नाही. बोटीवरून आजारी उतरली, एवढंच वहीत आहे.
पण बाईच्या गावी, व्होल्गेच्या काठी,
शहराची मोठी जुनी दफनभूमी आहे.
दारातच जनरल, दगडी तोफेसकट.
मग नाटकातली राणी, नाक तुटलेली.
मग पायलट, उशाशी विमानाचा खरा पंखा,
वारा आला की कुरकुरतो.
लोक फोटो काढायला येतात.
आणि तिची आई सगळ्यात मागे, नळाजवळ.
मोठ्या माणसांचे नातेवाईक बादली घेऊन
आईपाशीच येतात. पाण्याला.
सहा वर्षं हिला जाता आलेलं नाही.
कुंपणाला दर वसंतात निळा रंग लागतो, तो कोण देणार.

तिने हात पुढे केला. मी ब्रश दिला.
धरायची पद्धत बरोबर होती.
दोघांनी मिळून एन पुन्हा उलटा केला.

आमच्यात दगड नसतो.
बाबांचं नाव मी लिहितो ते फक्त फॉर्मवर,
माझ्या नावामागे, लहान रकान्यात;
म्हापणकर मावत नाही.
हे तिला सांगावंसं वाटलं. शब्द जमले नाहीत.

जाताना तिने दगडावर दोन बिस्किटं ठेवली
आणि चमकत्या कागदातली एक गोळी.
त्यांच्यात ठेवतात.
मी सवयीने लांब सरकलो, वाट बघत उभा राहिलो.
तिला कळेना, कसली.

कावळा नव्हता. साळुंकी आली,
मान वाकडी करून अक्षरं बघितली,
बिस्किट उचललं.
शिवली, मी म्हणालो.
काय? ती म्हणाली.
काही नाही, म्हटलं, रंग ओला आहे, हात लावू नका.