दोरीवरच्या चादरी

मागच्या जुलैत बातुमीचं हॉटेल मी तारे मोजून घेतलं.
चार तारे, लिफ्टमध्ये आरसा,
‘बालगोपाळांसाठी खास कोपरा’,
म्हणजे हातभर गालिचा
आणि कान तुटलेला प्लास्टिकचा घोडा.
तिसऱ्या सकाळी काउंटरवरच्या मुलीने
भर लॉबीत, सगळ्यांच्या नाश्त्यासमोर,
चुरगळलेली चादर चिमटीत धरून विचारलं,
‘दोनशे चारमधली ना ही?’

ओतिया तेव्हा सात वर्षांचा.
त्याने बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं.
त्या बांधलेल्याच होत्या,
तरी तो खाली वाकला
आणि बराच वेळ
बांधत राहिला.

बिलात चाळीस लारी. पुढे एकच शब्द : डाग.

यंदा कोबुलेती.
झाझाच्या हातात यादी :
पार्किंग, वाय-फाय, समुद्र किती पावलांवर.
केसो त्याच्या खांद्यावर, तिची चप्पल माझ्या पिशवीत,
निलगिरीच्या सावलीतून बॅगांची चाकं खडखडत.
मी मात्र घरांच्या मागच्या बाजू बघत चालले होते.
समोरून काय, सगळेच हसतात.

पहिलं हॉटेल संगमरवरी.
मागे दोरीच नव्हती,
कपडे व्हॅनमधून जातात, म्हणे, मोजून येतात.
मोजून.
मी पायरीवरूनच वळले.
दुसऱ्या ठिकाणी मालक भला वाटला,
किल्लीही पुढे केली त्याने,
मग ओतियाकडे बघत म्हणाला,
‘मुलं शांत आहेत ना?’
आम्ही म्हटलं, नाहीत,
आणि किल्ली परत दिली.

तिसरं घर त्सियालाबाईंचं.
दारावर एकही तारा नाही, पाटीवरचं एक अक्षर पडलेलं.
मागे तेंदूसारख्या फळांचं एक झाड,
तिथून भिंतीपर्यंत दोरी
आणि दोरीवर चादरी, लहान लहान,
धुऊन धुऊन बदकं पुसट झालेल्या.
भिंतीला टेकवलेली गादी उन्हात,
तिच्या मधोमध एक फिका नकाशा,
कुठल्या तरी आधीच्या पाहुण्याचा,
घासून न निघालेला.
बाईंनी तो लपवायची धडपड केली नाही.
मी म्हटलं, इथेच.

‘समुद्र बाराशे पावलं आहे,’ झाझा म्हणाला.
‘चालू.’

रात्री कळलं, चादरीखाली मेणकापड आहे.
ओतियाच्याच नव्हे, सगळ्या पलंगांवर.
आमच्यासुद्धा.
झाझा कूस बदलायचा आणि खसखसायचा,
खसखसायचा आणि पुटपुटायचा.
मी अंधारात तोंडावर उशी धरून हसले,
किती महिन्यांनी, कोण जाणे.

सकाळी चादर पलंगावर नव्हती.
कढईत अंडी फोडता फोडता
त्सियालाबाई कुणाकडेही न बघता म्हणाल्या,
‘समुद्राची हवा. इथे सगळंच ओलं होतं.’
कुणी काही विचारलंच नव्हतं.
ओतियाने दुसरं अंडं मागितलं.

चौथ्या पहाटे जाग आली तर त्याचा पलंग रिकामा.
छातीत धस्स झालं, खिडकीशी धावले.
खाली अंगणात
पालथ्या बादलीवर उभा, अनवाणी,
तोंडात लाकडी चिमटा,
चादरीचं एक टोक याच्याकडे, एक बाईंकडे.
दोघांचा वाद चालला होता.
कोंबडीला नाव असावं की नसावं?
बाईंचं म्हणणं, नाव दिलं की सूप करवत नाही.
तो चिमट्यातूनच काहीतरी म्हणाला.
मला ऐकू आलं नाही.
मी हाक मारली नाही.

निघताना वहीच्या पानावर पेन्सिलीने बिल :
सहा रात्री, दूध, मक्याची कणसं,
अंडी बावीस.
चादर कुठेच नव्हती.
झाझाने पान दोनदा वाचलं,
बाईंना वाकून नमस्कार केला,
आणि गल्लीच्या वळणावर मला म्हणाला,
‘अंड्यांचे जरा जास्तच लावलेत.’