लाल जागा

सकाळी पावणेआठला ड्युटी संपते.
गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायला सहा मिनिटं,
सरोवराकडून वारा असेल तर दहा.
ईरी शहर अजून अंधारात.
बूट दाराबाहेर, कपडे थेट मशीनमध्ये,
आणि मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी
मी विद्यार्थिनी होते.

वय त्रेपन्न.
लॅपटॉप मुलानं टाकून दिलेला,
झाकणावर कुठल्यातरी हॉकी टीमचा अर्धा स्टिकर.
हॉस्पिटलचं पत्र आलं होतं:
पुढच्या डिसेंबरपर्यंत बॅचलर्स पूर्ण करा, नाहीतर
आणि नाहीतरच्या पुढे फार सभ्य भाषा होती,
म्हणून तीनदा वाचावी लागली.

मी मिरजेची. साडेतीन वर्षांचा डिप्लोमा,
चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत,
रणभिसे सिस्टर फूटपट्टी घेऊन फिरायच्या.
तेव्हा वाटलं होतं, झालं शिकून.
सॅम्युएल प्लॅस्टिकच्या कारखान्यात निघताना
चहावर बशी झाकून जातो, म्हणतो,
"अभ्यास कर गं, नापास झालीस तर शाळेत मला बोलावतील."

पहिल्या निबंधात मी झोकात लिहिलं:
मरणाच्या दारातला माणूस पांघरूण चिवडतो.
प्रोफेसर ओल्शेव्स्की, जिला मी कधी पाहिलं नाही,
तिनं समासात विचारलं,
हे कुठून आलं? संदर्भ?

कुठून आलं!
वॉर्ड नंबर चारमधून. एकतीस वर्षांच्या रात्रपाळ्यांतून.
कंसात साल कुठलं टाकू, बाई?
दोन दिवस मी ताठ्यात होते.
भांडी जरा जोरातच घासली.

मग सातवा धडा. दाबामुळे होणाऱ्या जखमा.
तीन शोधनिबंध, तिन्हींचं म्हणणं एक:
लाल झालेल्या जागेवर चोळू नये.
आतल्या आत पेशी फाटतात.

माझं बोट तिथंच थांबलं.

सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा,
तळव्यावर स्पिरिट, मग पावडर,
मग माकडहाडाशी गोल गोल, जोर लावून,
लाली जाईस्तोवर.
असंच शिकवलं होतं.
परीक्षेत त्याला पाच गुण होते.
मला पाचपैकी पाच.

बेड अकरा. कवठेमहांकाळची हौसाक्का,
मांडीचं हाड मोडलेलं, कूस वळता येत नव्हती.
चार वाजले की दाराकडे बघायची.
"तुज्या हाताला गुण हाय बग पोरी.
आनि जरा दाब."
मी दाबलं.
तिसऱ्या आठवड्यात जागा काळी पडली.
आम्ही सगळ्यांनी म्हटलं, वय झालं होतं.
रणभिसे सिस्टरांनीही.

खाली कुणीतरी बर्फ उपसत होतं, फावडं फरशीला घासत.
बशीखाली चहावर साय आली.
रडले नाही मी. हात तेवढे टेबलावरून उचलले
आणि मांडीवर पालथे ठेवले,
कुणी तपासू नयेत म्हणून.

दुपारी झोपायच्या ऐवजी पेपर पुरा केला.
पान तीन: पूर्वी अशी जागा चोळण्याची पद्धत होती,
ती हानिकारक ठरली आहे.
कंसात तीन आडनावं, साल.
हौसाक्काचं आडनाव काय होतं
ते मला आठवेना.
बेड अकरा आठवतो.

त्या रात्री चौथ्या मजल्यावर
मिस्टर हॅगर्टींच्या पाठीशी रुपयाएवढी लाली.
पुष्पमाया, भूतानकडची, नवीन लागलेली पोर,
हातावर लोशन घेऊन तयारच उभी.
"नको," म्हटलं, "फक्त कूस बदलू."
का, असं तिनं विचारलं नाही.
विचारायला हवं होतं. मीही कधी विचारलं नव्हतं.
म्हणून न विचारताच सांगितलं,
माझ्या तुटक्या नेपाळी-हिंदीत, सगळं,
अकरा नंबरच्या बेडसकट.

मग एक, दोन, तीन म्हणत वळवलं त्यांना डावीकडे.
पाठीमागे उशी, टाच अधांतरी.
तिनं नोंद केली: दोन वाजून दहा.
पुन्हा चार दहाला.