जिन्याखालची खोली

अंबडला आमच्या कारखान्यात
जिन्याखाली एक खोली आहे.
पूर्वी तिथे केरसुण्या असायच्या.
अजून आहेत,
त्यांच्या शेजारी आता सर्व्हर राहतो.
एक टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून
वर्षभर ‘नाही नाही’ मान हलवत असतो.
थंडीत वॉचमनचं मांजर तिथे झोपतं.
त्याची ऊब ठाऊक असलेलं
अख्ख्या कंपनीत ते एकटंच.

खंडेनवमीला लेथला हार, ड्रिलला हार,
ऐंशी लाखांच्या नव्या मशीनला दुहेरी,
वजनकाट्यालाही एक झेंडू.
मी ताट घेऊन जिन्याकडे वळले
तर गायधनी साहेब म्हणाले,
‘त्याला कशाला? तो काय कमावतो?’

मार्गशीर्षातला गुरुवार. चार वाजून दहा मिनिटं.
अकरा हजार बुश मोजून, पट्ट्या मारून गाडीत.
भागीरथ ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून बसलेला,
सिन्नरचा घाट उजेडात उतरायचा म्हणून.
आणि स्क्रीनवर ते गोल चक्र.
फिरतंय.
फिरतंय.

बिलाला नंबर नाही,
नंबराशिवाय गेट नाही.
कार्बनचं जुनं चलनबुक शोधून काढलं,
पण चाकणला हाताचं अक्षर चालत नाही.
त्यांचा फोन. आधी ‘ताई’,
मग ‘मॅडम’,
मग नुसतं ‘हॅलो’.

आत नवं मशीन बुश पाडतच होतं,
त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

सिडकोतून तौसिफ आला,
तोंडात टॉर्च धरून आत शिरला,
हातात एक काळी डबी घेऊन निघाला.
‘स्विच जळला. सतराशे रुपये.
पंखा बंद होता ना.’

गाडी हलली रात्री पावणेबाराला.
त्यांची लाइन दोन तास उभी राहिली,
त्याचा डेबिट आला, साहेबांनी काचेखाली ठेवला.
मार्चनंतर चाकणची ऑर्डर निम्मी झाली.
एसीचं कोटेशन अजून ड्रॉवरमध्येच आहे.

पंख्याची पिन
त्या दुपारी मी काढली होती,
मोबाइल चार्जिंगला.
परत लावायची राहिली.
हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता येताजाता
त्या दारावर तळहात टेकवते.
गरम आहे.
चालू आहे.
मांजर माझ्याकडे बघतं,
आणि कूस बदलतं.