उडीची उंची

शेटेसाहेबांचा प्रश्न साधा होता:
"मॅडम, तुमचा मासा किती उंच उडतो तेवढं सांगा,
पायरी तेवढी करून टाकू."
सिंचन भवनात दुपारची वेळ,
पंख्याखाली फडफडणारा नदीचा नकाशा,
त्यावर चहाच्या ग्लासचं ओलं वर्तुळ,
बंधाऱ्याच्या जरासं खाली.

माझ्याकडे बरेच आकडे होते.
पाण्यातला प्राणवायू, घाटाघाटाचा वेगळा.
सहा महिन्यांत जाळ्यात आलेल्या जाती अकरा,
त्यांतल्या चार परक्या; वजनात चिलापीच निम्मी.
उडीचा आकडा नव्हता.
पुस्तकात सामनची उडी आहे, तक्त्यासकट,
थंड देशातली, बर्फाच्या पाण्यातली.
आमच्या खडशीला कुणी टेप लावलेलीच नाही.

"मग सामनचाच टाका. कोण बघतंय?"
वाईट माणूस नाही. निविदा सोमवारी निघणार होती.
शहरात खडस उरलीच नसेल तर जिना कुणासाठी,
हे मीही विचारलं नाही.
मलाही काम हवं होतं.

झुंबर मल्लाव, सत्तरीच्या मागेपुढे,
मूळचे दौंडकडचे भोई,
आता संगमावर ठेकेदाराच्या होडीतून
निर्माल्य आणि थर्माकोल काढतात.
जाळं तेच आहे, म्हणतात, फक्त मासळी बदलली.
त्यांना विचारलं, नाना, खडस किती उडते?
त्यांनी हात छातीपर्यंत नेला,
विचार करून कमरेवर आणला,
मग सोडूनच दिला.
"खाली डोह किती, त्यावर आहे.
जागच्या जागी कोण उडतंय, बाई?
तुम्ही तरी उडाल का?
धाव घ्यायला पाणी लागतं."

मुठा गावाच्या वर एक जुना केटी बंधारा आहे,
एका कोपऱ्यात ढासळलेला.
चढणीचे मासे तिथे येऊन थटतात.
मी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघा मारल्या,
दहा, वीस, तीस, चाळीस;
नानांनी प्रत्येक रेघेला
बोटानं पुसून खात्री केली, सुटत तर नाही.
चार संध्याकाळी आम्ही दगडावर बसलो.
डासांसाठी कडुनिंबाचा पाला, डब्यात भाकरी,
वहीत रकाने.

तिसऱ्या दिवशी ती आली.
हातभर लांब, डाव्या कुशीवरचा एक खवला गेलेला,
म्हणून ओळखू यायची.
बावीस, आपटली.
एकोणतीस, आपटली.
मग बराच वेळ काही नाही,
मी टॉर्चचे सेल बदलले.
एकतीस. सव्वीस. एकतीस.
"दमली," नाना म्हणाले,
आणि कुजबुजत्या आवाजात तिला शिवी दिली,
घरच्या पोरीला देतात तशी.
सत्तावीस उड्या मोजल्या, एकाच माशाच्या.
अठ्ठाविसावी दिसली नाही.
अंधार झाला होता.
पण पडल्याचा आवाजही आला नाही.

अहवालात लिहिलं:
पायरी पंचवीस सेंटिमीटर, त्याहून जास्त नको.
प्रत्येक पायरीखाली डोह, उंचीच्या दीडपट खोल.
नमुना: एक.
निरीक्षक म्हणून दोन नावं, झुंबर मल्लाव यांचं आधी.
शेटेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"एका माशावर?"
एका माशावर, मी म्हटलं, पण आपल्या.
"डोहाचं खोदकाम अंदाजपत्रकात नाहीये हो."
तरी फाइल मिटली नाही.
पेन्सिल कानावरून काढली,
पुन्हा कानावर ठेवली.

आता घरी बिल करत बसलेय:
प्रवास, रंग, ब्रश, दोन माणसं चार संध्याकाळी,
वर अठरा टक्के.
नानांचा फोन वाजतोय.
"टेमघरातून पाणी सोडलंय म्हणे, बाई.
डोह भरला असंल आता.
येताय का?"