बटण निघेपर्यंत

बर्नलीतल्या मेथडिस्ट चर्चमागचा हॉल.
गुरुवारी सातला हीटर लागतो, साडेआठला तापतो,
तोवर आम्ही कोट घालूनच लढतो.

हिरव्या कापडाखाली पुस्तकं सरकवून केलेली टेकडी,
निळ्या पट्टीची नदी,
आणि क्लाइव्ह ऑर्मरॉडच्या हातात
त्याच्या फुटबॉल क्लबाचा वाइनच्या रंगाचा मोजा.
एकच. धुतलेला आहे, असं तो म्हणतो.
आत नऊ चकत्या, चार त्याच्या, पाच माझ्या,
आणि कोटाचं एक काळं बटण.
ज्या पलटणीची चकती निघेल ती हलणार.
बटण निघालं की फेरी खलास.
आत राहिले ते राहिले.

मी सांगलीची. आधी तू, मग मी, मग तू, यावर वाढलेली.
राज्य कुणावर, एवढंच काय ते नशिबावर सोडायचो,
तळहात उलटे-सुलटे टाकून;
एकदा ठरलं की ठरलं.
इथं दर फेरीला पुन्हा मोजा.
हा न्याय कसला, विचारलं मी.
क्लाइव्ह एकतीस वर्षं बस चालवून रिटायर झालेला.
म्हणाला, थांब्यावर उभी राहिली आहेस ना कधी?

टेकडीमागे माझं घोडदळ.
बारा घोडे, रविवार-रविवार बसून रंगवलेले.
कॅप्टनचा घोडा मी मुद्दाम पंचकल्याणी केला,
चारी पाय पांढरे, कपाळावर एक टिपका,
कारण असला घोडा शुभ असतो.

पहिल्या फेरीत त्याची तोफ, माझे बंदूकवाले, त्याचे भालाईत, बटण.
दुसरीत बटणच आधी.
तिसरीत सगळे निघाले, एक सोडून.
चौथी.
पाचवी.
घोडदळाची चकती मोज्याच्या अंगठ्याशी दडून बसलेली,
आणि पलीकडे क्लाइव्हला दान पडतंय, सहा, सहा, पाच, सहा.
दान म्हणतो आपण त्याला.
मागून मिळत नाही, आणि मिळालं तर परत करता येत नाही.
माझं पायदळ नदीकाठी आडवं झालं.

चकती बटणाच्या आधी किंवा नंतर, निम्मंनिम्म.
पाचही वेळा नंतर, म्हणजे बत्तीसात एक.
मी दातांची डॉक्टर, बत्तीस मला तोंडपाठ.
तोंडातला एक दात.
त्यात अशक्य काय, रोज एखादा निघतोच.

दवाखान्याच्या प्रतीक्षायादीत अकराशे नावं आहेत.
रिसेप्शनवरची नुसरत वरून खाली बोलावते, चोख, क्रमानं.
गेल्या महिन्यात एक जण आला,
पक्कडीनं स्वतःच उपटलेली दाढ रुमालात घेऊन.
मूळ अख्खं आलंय का, एवढंच बघा म्हणाला.
नंबर विचारला तर दोनशे सात.
मूळ अख्खं आलं नव्हतं.

सहाव्या फेरीला पहिलीच चकती, घोडदळ.
क्लाइव्हनं ती माझ्यासमोर ठेवली, जरा हळूच.
आता वाचवायला कुणी उरलं नव्हतं,
तरी मी पट्टी धरली, बारा घोडे उताराला लावले,
आणि फासा टाकला.
एक.
पंचकल्याणी नदीच्या मधोमध उभा,
पांढरे पाय निळ्या कापडात.

क्लाइव्ह हसला, मग ओशाळला.
टेबल हललं गं, म्हणाला, पुन्हा टाक.
टेबल हललं नव्हतं.
रडीचा डाव नको, म्हटलं,
आणि ते इंग्रजीत सांगता येईना
म्हणून नुसती मान हलवली.

पुढच्या गुरुवारी मोजा मी आणायचा, तसं ठरलेलं असतं.
शुक्रवारी सकाळी नुसरतनं दारातून विचारलं, पुढचं कोण?
हात सवयीनं खिशात गेला.
चकत्या, चकत्या,
मग बोटाला बटण लागलं,
चार भोकांचं, गार.
यादीप्रमाणेच, मी म्हटलं,
आणि हातमोजे चढवले.